गुडघा गेला म्हणून कोच व्हायचं का?

प्रश्न : ताई, मी कोल्हापूरचा. वय २७. सोळाव्या वर्षापासून पेठेच्या तालमीकडून फुटबॉल खेळतोय, फॉरवर्डला. अडीच वर्षांपूर्वी शाहू स्टेडियमवर डाव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे गुडघा जागेवर धरणारा आतला अस्थिबंध, तुटला. ऑपरेशन झालं. सहाव्या महिन्यात परत मैदानात उतरलो, कारण सीझन सुरू झाला होता आणि जो भेटेल तो 'कधी उतरतोयस?' म्हणून विचारत होता. थोड्याच दिवसांत तोच गुडघा पुन्हा गेला. दुसऱ्या ऑपरेशनला आता दहा महिने झालेत. सरळ पळतो, पण वळायची वेळ आली की मन कच खातं. आता तालमीतली ज्येष्ठ मंडळी म्हणतात, खेळणं बास, येत्या सीझनला सीनियर टीमचा कोच हो. वडील म्हणतात, फुटबॉलनं काय दिलं, दुकानात लक्ष घाल. मध्यंतरी मॅट जॅन्सन या इंग्लिश खेळाडूबद्दल वाचलं. वर्ल्ड कपच्या दारातून परत फिरला आणि शेवटी कुठल्याशा छोट्या गावच्या क्लबचा मॅनेजर (तिकडे मुख्य कोचलाच मॅनेजर म्हणतात) झाला. वाचून धीर यायच्या ऐवजी भीतीच वाटली. प्रीमियर लीगमधला माणूस एवढा खाली येतो, मग आमचं काय? कोच होणं म्हणजे हरलो असं कबूल करणंच ना? पोरं सराव करताना बघवत नाही, रात्री झोप लागत नाही. नाव छापू नका, पेठेत लगेच कळेल.

उत्तर : नाव छापलेलं नाही, पेठेचं आणि तालमीचं नावही काढलंय. तरी दोनदा एसीएल गेलेला फॉरवर्ड म्हटल्यावर शाहू स्टेडियमच्या गॅलरीत अंदाज बांधले जाणारच. त्याला माझ्याकडे इलाज नाही.

तू विचारलंयस की कोच होऊ का. पण पत्र दोन-तीनदा वाचल्यावर मला त्यात दोन वेगळे प्रश्न दिसतात. माझं खेळणं संपलं का, हा एक. मी शिकवू शकेन का, हा दुसरा. तालमीच्या मंडळींनी दोन्हींना मिळून एकच उत्तर दिलं, आणि तुला झोप न लागण्याचं अर्धं कारण मला तिथेच दिसतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलंच नाही आणि दुसऱ्याचं तुझ्याकडून बळेच घेतलं जातंय. जॅन्सनचं उदाहरण तूच काढलंस ते बरं झालं, कारण त्याच्या बाबतीत हे दोन प्रश्न कित्येक वर्षांच्या अंतराने आले. तू त्याच्या गोष्टीचं सुरुवातीचं टोक वाचलंस आणि शेवटचं वाचलंस. तुझ्या कामाचं जे आहे ते मधल्या भागात आहे.

मुलगा इंग्लंडच्या पार उत्तरेचा, कार्लाइलजवळच्या वेदरलचा, जन्म १९७७. घरच्या कार्लाइल युनायटेडकडून खालच्या डिव्हिजनमध्ये खेळायला लागला. १९९८ च्या सुरुवातीला, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, खुद्द अ‍ॅलेक्स फर्ग्युसननी त्याला आपल्या मँचेस्टर युनायटेडमध्ये घ्यायची तयारी दाखवली. हा गेला क्रिस्टल पॅलेसला. तिथे लगेच पहिल्या संघात खेळायला मिळेल, हा त्याचा हिशेब. लोक आजही या निर्णयावर हळहळतात. मला तो वेडेपणाचा वाटत नाही. विशीतल्या फॉरवर्डने बाकावर बसून शिकण्यापेक्षा मैदानात चुकून शिकावं, असं माझं मत आहे. त्याचं नशीब मात्र विचित्र निघालं. पॅलेस त्याच मोसमात प्रीमियर लीगमधून खाली घसरलं आणि वर पैशाच्या अडचणीत सापडलं. जानेवारी १९९९ मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्सनी चाळीस लाख पौंडांहून जास्त मोजून त्याला घेतलं, तर तो क्लबही चार महिन्यांत खाली गेला. लागोपाठ दोन मोसम, दोन क्लब, दोन्ही खाली! पण पठ्ठ्या ब्लॅकबर्नमध्येच राहिला, आणि २००१ साली त्याच्या वीसहून जास्त गोलांच्या जोरावर संघ परत वर आला.

२४ फेब्रुवारी २००२. लीग कपची फायनल, समोर टॉटनहॅम. लंडनचं वेम्बली स्टेडियम पाडून नव्याने बांधायचं ठरलेलं असल्यामुळे त्या काळात मोठ्या फायनल वेल्समध्ये, कार्डिफच्या मिलेनियम स्टेडियमवर व्हायच्या. पहिला गोल जॅन्सनचा. टॉटनहॅमच्या झिगेने बरोबरी केली, अँडी कोलने दुसरा मारला आणि कप ब्लॅकबर्नला गेला. एप्रिलमध्ये पॅराग्वेविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यासाठी जॅन्सनला इंग्लंडच्या संघात बोलावणं आलं. नेमकं तेव्हाच पोट बिघडलं. लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्डवर इंग्लंड ४-० जिंकलं, आणि हा त्यात नव्हता. वर्ल्ड कपसाठी त्याच्या नावाची जोरदार चर्चा होती. पण इंग्लंडचे कोच एरिक्सननी २३ जणांची यादी वाचली त्यात ओवेन, हेस्की, फाउलर, शेरिंगहॅम आणि व्हॅसेल एवढेच फॉरवर्ड होते. शेवटची जागा डिफेंडर मार्टिन कीअनला गेली असं म्हणतात. तो त्या वर्ल्ड कपमध्ये एक मिनिटही खेळला नाही.

मग जॅन्सन मैत्रिणीबरोबर रोमला सुट्टीवर गेला. तिथे स्कूटर चालवताना अपघात झाला. मार डोक्याला. काही दिवस तो कोमात होता.

आता इथे थांब, कारण पुढचा भाग तुझ्यासाठी आहे. वाचला, शुद्धीवर आला, चालायला लागला, पळायला लागला. हातपाय धड होते. पुढच्याच मोसमात तो ब्लॅकबर्नच्या संघात परत दिसला. गॅलरीतून बघणाऱ्याला वाटावं, आला की बरा होऊन! पण तो आधीचा जॅन्सन नव्हता, आणि हे सगळ्यांच्या आधी त्याला स्वतःला कळत होतं. पेनल्टी बॉक्समध्ये फॉरवर्डला विचार करायला वेळ नसतो. पाय आधी हलतो, का हलला ते नंतर समजतं. त्याच्या बाबतीत आता विचार आधी येऊ लागला. आपण पूर्वीसारखे आहोत का, लोकांना फरक दिसतोय का, हा पास चुकला तर काय. त्याच मोसमात ब्लॅकबर्ननी त्याला लोनवर, म्हणजे उसना, कोव्हेंट्रीला पाठवलं, म्हणजे एक डिव्हिजन खाली. परत आला, मॅनेजर बदलला, अधूनमधून गोल झाले, पण घडी काही बसली नाही. जानेवारी २००६ मध्ये थोड्या दिवसांच्या करारावर बोल्टनला गेला आणि त्या उन्हाळ्यात तेही संपलं. तेव्हा त्याचं वय होतं २८. तुझ्यापेक्षा एका वर्षाने मोठा.

पुढे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं की तो नैराश्यातून गेला, मनोविकारतज्ज्ञाची मदत घेतली, आणि अपघातानंतर आपण फार लवकर खेळायला उतरलो. या शेवटच्या वाक्यापाशी तुझ्या पत्रातलं एक वाक्य ठेवून बघ : 'सीझन सुरू झाला होता आणि जो भेटेल तो विचारत होता.' ब्लॅकबर्न असो की पेठ, घाई सारखीच. त्यात वाईट हेतू कुणाचाच नसतो, म्हणून तर ती अडवणं अवघड जातं. क्लबला गोल हवे असतात, प्रेक्षकांना आपला माणूस हवा असतो आणि खेळाडूला आपण अजून आहोत याचा पुरावा. रुग्णाच्या बाजूने बोलणारा त्यात एकही जण नसतो.

गुडघ्याचं बोलू. एसीएलच्या ऑपरेशननंतर नऊ महिन्यांच्या आत स्पर्धेत उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच जास्त असतो, हे आता क्रीडावैद्यकात सर्वमान्य आहे. तू सहाव्या महिन्यात उतरलास. तुला दोष द्यायला हे सांगत नाहीये. मुद्दा असा की पहिल्या वेळी गुडघ्याला पुरता वेळ मिळालाच नाही, त्यामुळे त्या अनुभवावरून 'माझा गुडघाच तसला' हा निष्कर्ष तुला काढता येणार नाही. आत्ता दहा महिने झालेत म्हणतोस, पण नुसते महिने मोजून भागत नाही. चांगला फिजिओ दोन्ही पायांची ताकद वेगवेगळी मोजतो, एका पायावर उड्या मारायला लावून डाव्या-उजव्याचं अंतर पडताळतो, आणि दुखरा पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांच्या वर आल्याशिवाय सहसा हिरवा कंदील देत नाही. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्याला तर आणखी सबुरी लागते. वळताना मन कच खातं हेही त्याला सांग. लाजू नकोस. खेळात परतण्याची मनाची तयारी किती आहे हे तपासण्यासाठी रीतसर प्रश्नावली असते, म्हणजे ही भीती इतकी सर्वसाधारण आहे की तिचं मोजमाप करायची वेळ डॉक्टरांवर आली. या चाचण्या झाल्यावर सर्जन आणि फिजिओ मिळून जे सांगतील ते तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. ते 'नको' असंही असू शकतं. तिसरा एसीएल घेऊन पन्नाशीत जिने चढणं सोपं नाही, आणि खेळणं म्हणजे दरवेळी सीनियर डिव्हिजनच असं थोडंच आहे? पण ते उत्तर डॉक्टरांकडून येऊ दे. तालमीच्या कट्ट्यावर त्याचा निकाल लागता कामा नये.

आता जॅन्सन 'खाली' कुठे गेला ते बघू.

इंग्लंडमध्ये प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या तीन डिव्हिजन मिळून ९२ क्लब. त्यांच्याखाली जे काही आहे त्याला नॉन-लीग म्हणतात, आणि ते एखाद-दुसरं नाही, थरावर थर आहेत. पाचव्या थरावर नॅशनल लीग, सहाव्यावर तिच्या उत्तर आणि दक्षिण अशा दोन शाखा, खाली प्रादेशिक लीग, त्याखाली जिल्ह्यांच्या. १९८७ पासून पाचव्या थराचा विजेता आपोआप वर जाऊ शकतो. त्याआधी वरच्या क्लबांनी मतं देऊन आत घेतलं तरच. सहाव्या-सातव्या थरावरचे खेळाडू बहुतेक नोकरदार. कुणी वीजतंत्री, कुणी शिक्षक, कुणी गोदामात. सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी, सामना शनिवारी. मॅनेजरलाही बहुधा दुसरी नोकरी असते. हे तुला ओळखीचं वाटेल. कोल्हापुरात एमआयडीसीची पाळी संपवून सरावाला येणारी पोरं तू रोज बघतोस, आणि पेठेचा संघ हरला की दुसऱ्या दिवशी चहाच्या गाडीवर काय ऐकावं लागतं तेही तुला मी सांगायला नको.

गॅरी फ्लिटक्रॉफ्ट हा ब्लॅकबर्नचा एके काळचा कर्णधार, जॅन्सनचा जुना सोबती. २०१० साली तो लँकशायरमधल्या चॉर्ली या गावच्या क्लबचा मॅनेजर झाला. काळेपांढरे पट्टे, टोपणनाव 'मॅगपाईज', मैदान व्हिक्टरी पार्क, क्लब तिथे १९२० पासून. तेव्हा तो आठव्या थरावर होता. फ्लिटक्रॉफ्टने जॅन्सनला सोबत नेलं, आणि नेलं ते खेळाडू म्हणून. मग हळूहळू सहायक म्हणून. त्या काळात चॉर्ली आधी एक थर वर आलं, २०१४ साली आणखी एक, म्हणजे सहाव्यावर. पुढच्या वर्षी प्लेऑफची, म्हणजे वर जायची उरलेली जागा ठरवणाऱ्या सामन्यांची, फायनल घरच्याच मैदानावर होती, समोर गाइझली. चॉर्ली २-० पुढे होतं. हरलं ३-२. फ्लिटक्रॉफ्टने पद सोडलं आणि जून २०१५ मध्ये जॅन्सन मॅनेजर झाला.

म्हणजे बोल्टन सुटल्यापासून मॅनेजरच्या खुर्चीपर्यंत नऊ वर्षं. त्यातली निम्म्याहून जास्त त्याच क्लबात, आधी खेळून आणि मग दुसऱ्याच्या हाताखाली. ड्रेसिंग रूममध्ये कोण कुणाशी बोलत नाही, कोणाला नोकरीमुळे गुरुवारी उशीर होतो, पैसे कुठून येतात आणि कुठे संपतात, हे सगळं आतून बघून झाल्यावर तो पुढे उभा राहिला. तू वाचलेल्या मजकुरात ही पाच वर्षं एका ओळीत उरकली असतील. तुझ्या दृष्टीने तीच सगळ्यात महत्त्वाची आहेत.

त्याच्या कारकिर्दीतही परीकथा नाही. २०१७ साली चॉर्ली पुन्हा प्लेऑफच्या फायनलला पोचलं, या वेळी हॅलिफॅक्सच्या मैदानावर, आणि एक्स्ट्रा टाइममध्ये २-१ असं हरलं. २०१८ च्या उन्हाळ्यात जॅन्सनने पद सोडलं. त्याच्यानंतर आला त्याचाच सहायक जेमी व्हर्मिग्लिओ. पेशाने प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक. दिवसा शाळा, संध्याकाळी सराव. २०१९ च्या प्लेऑफ फायनलमध्ये चॉर्लीने स्पेनीमूरला पेनल्टीवर हरवलं आणि क्लब पाचव्या थरावर गेला. तिथे एकच मोसम टिकला. पण जानेवारी २०२१ मध्ये एफए कपमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या थरांचे क्लब जिथे एकत्र खेळतात त्या स्पर्धेत, याच क्लबने डर्बी काउंटीला २-० ने घरी पाठवलं (करोनामुळे डर्बीची पोरंटोरंच उतरली होती, हे खरं, कपात नाव लागायचं ते लागलंच) आणि पुढच्या फेरीत प्रीमियर लीगमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनला व्हिक्टरी पार्कवर एका गोलाच्या पुढे जाऊ दिलं नाही, हरलं ते ०-१ असंच.

आता मला सांग, या सगळ्यात हरल्याचा कबुलीजबाब कुठे आहे? जॅन्सनच्या आयुष्यातला तोटा रोममध्ये आणि त्यानंतरच्या चार वर्षांत झाला. तो खरा तोटा आहे, भरून न येणारा, आणि 'जे होतं ते चांगल्यासाठी' असं मी त्याच्याबद्दलही म्हणणार नाही आणि तुझ्याबद्दलही. चॉर्ली ही त्या तोट्याची शिक्षा नव्हती, भरपाईही नव्हती. ते निराळं काम होतं. त्याने ते तळापासून शिकून केलं, ठीकठाक केलं. वर चढायचं यश दुसऱ्याच्या नावावर लागलं, असं कोचच्या धंद्यात नेहमी होतं. शेजारी कुणी टाळ्या घेऊन गेला की पोटात दुखत असेल, तर या वाटेला जाऊच नये.

तुझ्या तालमीत कुणीतरी ब्रायन क्लफचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगून ठेवते. १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, संडरलँडच्या मैदानावर, बरीच्या गोलकीपरशी धडकून त्याचा गुडघा गेला. वय २७, तुझंच. लीगच्या २७४ सामन्यांत २५१ गोल केलेला माणूस. पावणेदोन वर्षांनी परत उतरला, तीन सामने खेळला आणि थांबला. पुढे मॅनेजर म्हणून डर्बीला आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टला लीग जिंकून दिली, फॉरेस्टला लागोपाठ दोनदा युरोपियन कप. हे ऐकवून मंडळी तुला म्हणतील, बघ! पण ते सांगणार नाहीत की गुडघा गेल्यावर क्लफने आधी संडरलँडच्या पोरांच्या संघाला शिकवलं, आणि १९६५ मध्ये पहिली नोकरी मिळाली ती चौथ्या डिव्हिजनच्या तळाला रखडणाऱ्या हार्टलपूल्समध्ये, तीही पीटर टेलरसारखा जोडीदार सोबत घेऊन. पैशाची एवढी चणचण की संघाची बस चालवता यावी म्हणून त्याने लायसन्स काढलं. आणखी एक. क्लफ हा अपवाद आहे. अपवाद डोळ्यांपुढे ठेवून घर चालवू नये.

तेव्हा माझा सल्ला असा. येत्या सीझनला सीनियर टीमचा कोच होऊ नकोस.

कारण तूच लिहिलंयस : पोरं सराव करताना बघवत नाही. कोचचं काम म्हणजे मुख्यतः बघणं. तास-दीड तास कडेला उभं राहून दुसऱ्याचं खेळणं बघायचं, त्यात तुझ्या जागेवर आलेला फॉरवर्डही आला. आत्ता त्याला बघताना तुझ्या मनात काय येतं ते तू लिहिलं नाहीस, पण मला अंदाज आहे. या मनःस्थितीत निवड केलीस तर दोनपैकी एक होईल. त्याला विनाकारण बाहेर बसवशील, नाहीतर आपण पक्षपात करत नाही हे दाखवायला विनाकारण खेळवत राहशील. शिवाय त्या संघातली निम्मी पोरं तुझी दोस्त असणार. काल एकत्र वडा खाल्लेल्याला आज 'तू बाकावर' म्हणणं अनुभवी माणसालाही जड जातं, आणि आपल्याकडे सामना हरल्यावर गॅलरी आधी कोचलाच शोधते.

मंडळींना उलटा प्रस्ताव दे. एक सीझन ज्युनिअर पोरांचा संघ, किंवा सीनियरला सहायक, मुख्य कोच दुसरा कुणीतरी. ज्युनिअर घेतलास तर जास्त बरं, असं मला वाटतं. बारा-चौदा वर्षांच्या पोरांत तुझ्या जागेवर बसलेला कुणी नसतो. दरम्यान गुडघ्याच्या चाचण्या होतील. डॉक्टरांनी हो म्हटलं तर खेळून बघ आणि पोरांनाही शिकव, दोन्ही जमतं. चॉर्लीत जॅन्सनने तेच केलं. नाही म्हटलं, तर निदान एव्हाना तुला कळलेलं असेल की शिकवणं तुला आवडतं की नुसतं मैदान सुटत नाही म्हणून तू तिथे थांबला होतास. या दोन्हींत फार फरक आहे आणि तो घरी बसून कळत नाही.

मंडळी रागावतील. रागावू देत. त्यांना घरचा, ओळखीचा आणि मानधनावरून न भांडणारा कोच हवा आहे, हेही ध्यानात असू दे. त्यांचं तुझ्यावर प्रेम नाही असं मी म्हणत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात.

जे काम घेशील ते घेताना एक अट मात्र बोलून घे, शक्य असेल तर दोन-चार जणांसमोर : दुखापतीतून उठलेला पोरगा कधी उतरणार हे डॉक्टर ठरवतील, आणि तुझ्या संघापुरता शेवटचा शब्द तुझा. पदाधिकाऱ्याचा नाही, पोराच्या बापाचाही नाही. हा अधिकार मिळत नसेल तर ते काम घेऊ नकोस, कारण सहाव्या महिन्यात पोराला उतरवून मग हळहळणारे तालमीत आधीच पुष्कळ आहेत.

वडिलांचं बोलणं मी धुडकावून लावणार नाही. दुकानात बस. चॉर्लीला वर नेणारा माणूस दिवसभर शाळा चालवत होता. तुझं दुकान रात्री कितीला बंद होतं आणि सराव कितीला असतो, एवढाच प्रश्न आहे, आणि तो वडिलांबरोबर बसून सुटण्यासारखा आहे. 'फुटबॉल की दुकान' असा वाद त्यांच्याशी घालू नकोस. आठवड्यातून तीन संध्याकाळी मागून घे. ते देतील, कारण मुलगा दिवसभर समोर असणार आहे.

झोपेचं मात्र या सगळ्याच्या आधी बघ. किती दिवस झालेत ते तू लिहिलं नाहीस. दोन आठवड्यांहून जास्त असेल, जेवण तुटलं असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर फिजिओच्या आधी मनोविकारतज्ज्ञाकडे जा. सरकारची टेलि-मानस नावाची फोनसेवा आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, आणि पेठेत कुणाला कळत नाही. जॅन्सनच्या डोक्याला मार लागला होता म्हणून त्याला मनाच्या डॉक्टरची गरज पडली आणि आपला तर नुसता गुडघा, असा विचार करू नकोस. ज्याच्या सगळ्या ओळखीच खेळामुळे झालेल्या असतात, त्याचं खेळणं अडलं की तो रस्त्यात भेटणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हेही विसरतो. तिथे औषध आणि बोलणं दोन्ही कामाला येतं.

आणि शिकवायचं पक्कं झालंच तर नुसत्या अनुभवावर उभा राहू नकोस. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनचा डी लायसन्सचा कोर्स कर, विफाकडे (वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन) किंवा केएसएमध्ये (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) पुढच्या कोर्सची चौकशी कर. त्यात सराव कसा आखायचा आणि कोवळ्या वयाच्या पोराकडून किती करून घ्यायचं नाही, हे तरी समजतं. फी तालमीने भरावी. हा मुद्दा होकार देण्याच्या बैठकीतच काढ. नंतर कुणी भरत नाही.